तिसऱ्या खांबापाशी बरी झालेली बायको

आमचे थोरले भाऊजी देवीच्या देवळात गाइड आहेत. थोरले भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. गाइड हा शब्द त्यांना चालत नाही, मार्गदर्शक म्हणायचं. एकदा पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून ‘गाइड’ निघून गेलं. पाहुणे गेल्यावर भाऊजींनी मला अर्धा तास समोर बसवून दोन्ही शब्दांतला फरक समजावून सांगितला. मला तो अजून कळलेला नाही.

देऊळ जुनं आहे, त्यात वाद नाही. काळ्या दगडाचं, बसकं, आत खांबांची रांग आणि बाहेरच्या भिंतींवर मूर्तीच मूर्ती. किती जुनं, हे मात्र भाऊजींवर अवलंबून. ते कामाला लागले तेव्हा देऊळ आठशे वर्षांचं होतं. माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा हजाराचं झालं आणि ती कॉलेजात पोचेपर्यंत दीड हजार ओलांडून गेलं. एवढ्या वेगानं म्हातारं झालेलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

घर आमचं एकच. खाली भाऊजी आणि जाऊबाई, वर आम्ही. मधे जिना. त्यामुळे भाऊजींचा दिवस कसा सुरू होतो ते मला पाठ आहे. आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आवाज राखायचा असतो ना. मग आरशासमोर दोन-चार वाक्यं मोठ्यानं म्हणून बघायची. मग जाकीट. ते जाकीट रोज इस्त्रीचं लागतं आणि इस्त्री रोज जाऊबाई करतात, स्वतः कामावर निघायच्या आधी. जाकिटावर पितळी बिल्ला. हातात एक छोटी बॅटरी, अंधारातल्या मूर्तींवर उजेड पाडायला. ती बॅटरी ते घरातही वापरतात. ताटात काय वाढलंय ते बघायला एकदा त्यांनी ती लावली होती. दिवे गेलेले नव्हते.

देवळाच्या आधी ते चष्म्याच्या दुकानात होते. माझं नवीन लग्न झालेलं तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तक्त्यावरची खालची ओळ वाचता येईना, तर भाऊजी त्यांना म्हणाले, “तुम्हाला दिसतंय, तुम्ही प्रयत्न करत नाही आहात.” वाद वाढला. दुकानाच्या मालकानं मधे पडून म्हाताऱ्यांची माफी मागितली. ती भाऊजींना झोंबली आणि ते त्याच दुपारी काम सोडून घरी आले. नंतर सांगताना त्यांनी राजीनामा दिला होता, असं झालं. मालकाला विचाराल तर तो वेगळं सांगेल.

घरी आले ते थेट पलंगावर. भिंतीकडे तोंड करून जे पडले ते जवळजवळ तीन वर्षं. आजार काही नव्हता. डॉक्टर येऊन बघून गेले, रक्त तपासलं, पाठ तपासली, सगळं ठणठणीत. “मन लागत नाही,” एवढंच ते म्हणायचे. जाऊबाई शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायच्या मशिनवर होत्या. आजही आहेत. त्या तीन वर्षांत त्यांनी एक दिवस खाडा केला नाही. तेव्हा सासूबाई होत्या; सकाळी त्यांचं आवरायचं, भाऊजींचा चहा कपावर बशी झाकून पलंगाशेजारी ठेवायचा, पाळीला जायचं, ती संपली की दुसऱ्या पाळीतले चार तास करायचे, येऊन स्वयंपाक. पाय सुजलेले असायचे. मी वरून उतरून भांडी घासायला लागले की म्हणायच्या, “असू दे गं, तू दमलीस.” मी दमले! खरं सांगायचं तर मला भाऊजींपेक्षा त्यांचाच राग यायचा. माणसानं किती ऐकून घ्यावं, याला काही हद्द?

मग शेजारच्या एकांनी सुचवलं, देवळाच्या कचेरीला स्वच्छ आवाजाचा माणूस हवाय. भाऊजी पलंगावरून उठले. पहिले सहा महिने ते कचेरीनं दिलेल्या पुस्तिकेत होतं तेवढंच सांगायचे. लोक जांभया द्यायचे, घड्याळं बघायचे. मग एके दिवशी कसं कोण जाणे, पण पहिल्या खांबाशी त्यांच्या तोंडून निघून गेलं की इथं कान लावला तर देवीच्या पैंजणांचा आवाज येतो. लोक रांग लावून कान लावायला लागले. एकानं तर डोळे मिटून सांगितलं, येतोय. त्या दिवशी भाऊजी घरी आले ते वेगळेच माणूस होऊन आले. पुस्तिका पुन्हा कधी त्यांच्या हातात दिसली नाही.

आवाज चांगला आहे, हे मी कबूल करते. खर्जातला, घोळवून बोलतात. लोक रडतात. तेवढ्यावर वीस वर्षं निघाली.

जाऊबाई मात्र एकदाही देवळात गेल्या नव्हत्या. देऊळ बसनं वीस मिनिटांवर. माझ्या लग्नानंतर आम्ही सगळे गेलो होतो, तेव्हा सासूबाईंपाशी कोणीतरी थांबायला हवं म्हणून त्या घरी राहिल्या. नंतर आठवड्याची एक सुट्टी, ती कपडे धुण्यात जायची. एकदा माझ्यासमोर त्यांनी भाऊजींना विचारलं होतं, “मला दाखवाल का हो एकदा? तुम्ही सांगता तसं सगळं?” भाऊजी जाकीट काढत होते. म्हणाले, “तुला काय कळणार त्यातलं!” आणि जाकीट त्यांच्याच हातात दिलं.

तर हे असं सगळं चाललेलं असताना, गेल्या वर्षी कारखान्यात एक बाई आली.

ते मला जाऊबाईंनी संध्याकाळी जिन्यात बसून सांगितलं. त्या मशिनवर होत्या. सुपरवायझरबाई एका परक्या बाईला घेऊन रांगेतून आली. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात फळांची पिशवी, डोळे आधीच भरलेले. बाईनं आधी जाऊबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं.

“ह्याच का?” तिनं विचारलं.

“ह्याच,” सुपरवायझर म्हणाली.

“जरा चालून दाखवता का?”

जाऊबाईंना वाटलं, कंपनीकडून कसली तरी तपासणी आहे. त्या उठल्या, इस्त्रीच्या टेबलापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. ती बाई हुंदके देऊन रडायला लागली आणि वाकून तिनं यांचे पाय धरले. चाळीस मशिनं बंद पडली. सगळ्या जणी माना वळवून बघताहेत.

“सात वर्षं!” ती बाई म्हणत होती. “सात वर्षं पडून होतात ना तुम्ही!”

“कुठं?” जाऊबाई म्हणाल्या.

मग उलगडा झाला. बाई देवळात गेली होती. तिथल्या गाइडनं सर्वांसमोर सांगितलं, की माझी बायको सात वर्षं अंथरुणाला खिळून होती, पाय लाकडासारखे झाले होते, मी तिला पाठीवर घेऊन इथं आणलं आणि तिसऱ्या खांबापाशी ती उभी राहिली. बाईनं बाहेर चहाच्या टपरीवर चौकशी केली, घर शोधलं, शेजाऱ्यांनी कारखान्याचा पत्ता दिला. आता तिला एकच विचारायचं होतं. तिची बहीण पाच वर्षं पडून आहे, अपघातात कंबर गेली. तिला गाडीत घालून आणायचं ठरतंय, एका दिवसाचा रस्ता आहे. “कधी आणू? कुठला वार चांगला? तुम्ही सांगाल तसं करते.”

“मग? काय सांगितलंत?” मी विचारलं.

“काय सांगणार? म्हटलं, डॉक्टरांना विचारा. तिला वाटलं मी विनयानं बोलतेय. नंबर लिहून देऊन गेली.” जाऊबाईंनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून दाखवली. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, “कंबर गेलेल्या माणसाला दिवसभर गाडीत घालून आणणार गं. हाल होतील तिचे.”

मी असते तर आधी घरात जाऊन जाकीट फाडलं असतं. त्यांनी रात्रीचं वाढलं, भाऊजी जेवले, मटार कच्चे राहिलेत म्हणाले. दोन दिवसांनी सुट्टी होती. सकाळी त्या वर आल्या, चांगलं लुगडं नेसून, आणि मला म्हणाल्या, “येतेस का? देवळात जाऊ. दोघीच.”

आम्ही बसनं गेलो. देवळाकडे जाणारी गल्ली फुलांच्या नि खेळण्यांच्या दुकानांनी दोन्ही बाजूंनी भरलेली. चपला ठेवायच्या खिडकीशी गर्दी. दगडी पायऱ्या नुकत्या धुतलेल्या, पावलांना गार. वर चढलो तर दारातच भाऊजींचा आवाज आला. तीस-पस्तीस माणसं त्यांच्याभोवती उभी. आम्ही मागे जाऊन उभ्या राहिलो.

मला धाकधूक होती की लगेच ओळखतील. कसलं काय! त्यांची नजर लोकांच्या डोक्यांच्या वीतभर वर असते. ते आमच्या अगदी शेजारून गेले, दोनदा. दुसऱ्या वेळी जाऊबाईंना त्यांचा धक्काही लागला. “जरा सरकून घ्या, बाई,” म्हणाले आणि पुढे गेले. स्वतःची बायको. सकाळी जिनं इस्त्री केली ती.

पहिल्या खांबाशी सगळ्यांनी कान लावले. “येतोय,” “येतोय हो,” चाललं. मीही लावला. कानाला गार लागलं, बाकी काही नाही. माझ्या मागच्या माणसानं विचारलं, “ऐकू आलं?” मी नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी आंघोळ न करता आले होते. दुसऱ्या खांबावर एक चीर आहे. ती म्हणे शत्रूच्या तलवारीची, देवीनं तलवार परतवली म्हणून खांब वाचला. त्या चिरेच्या वरच्या टोकाला विजेच्या तारेसाठी ठोकलेला लोखंडी आकडा अजून तसाच आहे. तलवार नुसती लोखंडाची नव्हती, तिला आकडाही होता बहुतेक. तीस माणसांनी वर मान करून ती चीर पाहिली आणि एकालाही आकडा दिसला नाही.

मग तिसरा खांब आला. तिथं भाऊजी थांबले, चष्मा काढला, जाकिटाच्या टोकानं पुसला. आवाज खाली आणला.

“हे मी सहसा सांगत नाही,” ते म्हणाले. रोज चार वेळा सांगतात, हे मला नंतर टपरीवाल्याकडून कळलं. “पण आज तुमच्यासारखी माणसं भेटली म्हणून सांगतो.”

आणि सगळं सांगितलं. पलंग कसा होता, खिडकीकडची भिंत कशी होती, कपावर बशी झाकून चहा कसा ठेवायचो, ती तो तसाच गार होऊ द्यायची, डॉक्टर कसे हात टेकून गेले. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. भक्तीचा नव्हे. भिंत खरी होती, बशी खरी होती, चहा खरा होता. त्यांनी फक्त पलंगावरचं माणूस बदललं होतं. स्वतः उठून तिथं बायकोला निजवलं होतं, आणि तिच्या जागी स्वतः कपबशी घेऊन उभे राहिले होते.

जाऊबाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. नुसता एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

बायका डोळे पुसत होत्या. एका गृहस्थांनी विचारलं, “आता कशा आहेत त्या?”

“आता घरीच असते. फारसं बोलत नाही. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध उरला नाही. दिवसभर देवीच्या तसबिरीसमोर बसून असते.”

“आणि त्या सात वर्षांत घर कोण चालवत होतं हो?” मागून प्रश्न आला.

“देवी!” भाऊजी म्हणाले आणि हात वर केला.

हात वर राहिला तो तसाच. आवाज त्यांच्या डोक्यात आता पोचला असावा. तीस वर्षं रोज सकाळी ‘चहा ठेवू का हो’ विचारणारा आवाज. त्यांनी पहिल्यांदा लोकांच्या डोक्यांखाली बघितलं.

मला वाटलं, आता माणूस जमिनीत जाईल. वीस वर्षं एका जिन्यावर राहून मी त्यांना ओळखलं नव्हतं म्हणायचं. एक श्वास घेतला असेल त्यांनी, जास्तीत जास्त दोन. मग गर्दी बाजूला करत आले, जाऊबाईंचा दंड धरला आणि त्यांना पुढे घेऊन गेले.

“मंडळी!” आवाज थरथरत होता, आणि गंमत अशी की खरोखर थरथरत होता. “मंडळी, देवीचा खेळ बघा. ही तीच! आज स्वतःच्या पायांनी आली. न सांगता आली!” आणि बॅटरी काढून त्यांनी उजेड पाडला. जाऊबाईंच्या पायांवर.

तीस माणसं वाकायला लागली. एक जण फोन काढून फोटो घ्यायला पुढे सरसावला. जाऊबाईंनी आधी दंड सोडवून घेतला. मग त्या नेहमी बोलतात तशाच, जराही आवाज न चढवता बोलल्या.

“मी कधी आजारी नव्हते. मी कारखान्यात कॉलर लावते. पलंगावर हे होते.”

मग एक म्हातारी कळवळून म्हणाली, “आजार आठवतसुद्धा नाही बिचारीला! ह्याला म्हणतात समूळ बरं होणं.”

“खरंच की,” कोणीतरी म्हणालं. “स्वतःचं दुखणं नवऱ्याचं म्हणून सांगतेय ती. पतीचं दुःख स्वतःला लागतं ना, त्याचं उलटं झालंय.”

माझं टाळकं सरकलं. मी ओरडून सांगितलं, “अहो, मी ह्यांची धाकटी जाऊ. मी डोळ्यांनी बघितलंय. ह्या एक दिवस आडव्या पडलेल्या नाहीत!” तर फोटोवाला मला म्हणाला, “ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा, मधे येताय.” लोकांना खरं नको असतं, हे मी ऐकून होते. पण खरं समोर उभं असताना त्याला बाजूला सरकायला सांगतात, हे मी तिथं पाहिलं. भाऊजी एकटे खोटारडे नव्हते. तीस जण त्यांच्या मदतीला होते.

जाऊबाईंनी लोकांकडे लक्षच दिलं नाही. त्या भाऊजींना म्हणाल्या, “परवा एक बाई कारखान्यात आली होती. तिच्या बहिणीची कंबर गेलीय. तिला इथं आणणार आहेत. तुमचं ऐकून.”

“कोण बाई?” भाऊजी हळूच म्हणाले. “रोज शंभर जण येतात. मी कुणाकुणाला लक्षात ठेवू?”

“बरं,” जाऊबाई म्हणाल्या. “चल गं.” आणि मला घेऊन आत गेल्या.

गाभाऱ्यात तेव्हा कोणी नव्हतं. भाऊजींच्या पायी सगळे तिसऱ्या खांबाशी अडकलेले. देवी लहान आहे. माझ्या आठवणीत मोठी होती, पण आहे हातभर. काळी, बसलेली, एक पाय खाली सोडलेला. चेहरा इतक्या हातांनी झिजलाय की नाक कुठं आणि गाल कुठं, कळत नाही. नुसता एक गुळगुळीत गोलवा आणि त्यावर दिव्याचा उजेड. भाऊजींच्या बॅटरीची तिथं गरज नाही. त्या दगडासमोर माझं तोंड बंद झालं, आणि तसं ते सहसा होत नाही. जाऊबाईंनी हात जोडले, डोळे मिटले नाहीत. टक लावून बघत राहिल्या. काय मागितलं, मी विचारलं नाही. काही मागितलं असेल असं वाटलंही नाही.

बाहेर येऊन त्या भिंतींवरच्या मूर्ती बघायला लागल्या. माझं दोन मिनिटांत बघून झालं असतं. त्यांनी तासभर घेतला. एका नर्तकीच्या वस्त्राच्या काठावर त्यांचं बोट थांबलं. “हे बघ. निऱ्या कशा एकावर एक बसवल्यात. आतली निरी कापडाच्या वजनानं ओढली जाते, तशीच ओढलीय. ह्या माणसानं कापड हाताळलेलं होतं.” पुढे दुसऱ्या मूर्तीपाशी हसल्या. तिच्या काठाची वेल अर्ध्यावर थांबलेली होती, पुढे नुसता कोरा दगड. “इथं सोडून दिलंय. पाळी संपली असेल त्याची.” भाऊजी वीस वर्षं त्या भिंतीला पाठ करून उभे राहतात. पुस्तिकेतही ते नाही. मी पहिल्यांदा ती वेल बघितली, तीही जाऊबाईंच्या बोटामुळे.

संध्याकाळी भाऊजी घरी आले ते तणतणत. “चार लोकांत असं बोलतात का? माझी वीस वर्षांची पत!” मी जिन्यातूनच ऐकत होते, लपायचं मला काही कारण नव्हतं. जाऊबाई पलंगावर जाऊन आडव्या झाल्या. लुगडंही बदललं नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “चहा.”

“काय?”

“चहा करा. बशी झाकून ठेवा.”

भाऊजी खोलीच्या मधोमध उभे. मग थोड्या वेळानं जिना चढून वर आले आणि मला विचारलं, “धाकटे, चहाची पूड कुठं असते?” साठीला आलेला माणूस, स्वतःच्या घरातली चहाची पूड.

“देवीला विचारा,” मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून जाऊबाई कामावर जातात, येतात आणि घरात आल्या की पडतात. भाऊजी चहा करतात, भात लावतात, जाकीट स्वतः इस्त्री करतात. मागच्या बाजूला इस्त्रीचा पिवळा डाग पडलाय, तो कुणी त्यांना सांगितलेला नाही. सुधारले असतील असं वाटत असेल तर सोडून द्या. तिसऱ्या खांबापाशी आता बायको नसते, एवढंच. आता तिथं त्यांची धाकटी भावजय असते, जन्मापासून मुकी होती म्हणे, आणि देवीनं तिला वाचा दिली. म्हणजे मी. मी जाऊन भांडले, तर कचेरीतला साहेब म्हणाला, “बघा, आता किती छान बोलता!”

त्या टोपीवाल्या बाईला जाऊबाईंनी, आम्ही देवळात जाऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी, माझ्या फोनवरून कळवलं होतं. मी स्पीकर लावला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भडकली. भाऊजींवर नाही, जाऊबाईंवर. “तुमचं झालं ना बरं? मग दुसऱ्याचं झालेलं का बघवत नाही तुम्हाला?” आणि फोन आपटला. मी म्हटलं, झालं, घ्या पुण्य. जाऊबाईंनी चिठ्ठी पुन्हा पदराला बांधली.

आठ दिवसांनी त्याच नंबरवरून फोन आला. आवाज मात्र दुसरा, जरा दमलेला.

“कॉलर लावणाऱ्या बाई आहेत का?” तिनं विचारलं. “मी बहीण बोलतेय. पडून असते ती.”

जाऊबाई उठून बसल्या.

“आमच्या ताईनं फार आदळआपट केली, पण बेत रद्द केला. तुम्हाला सांगायला फोन केला. मला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं बांधून नेणार होते हो. माझं कुणी ऐकत नव्हतं. तुमच्यामुळे वाचले.”

“दुखतं का फार?”

“गाडीत दुखतं. एरवी सवय झालीय.” मग ती थांबली. “एक विचारू? ते देऊळ कसं आहे? ताई सांगते ते नको. तुम्ही सांगा.”

जाऊबाईंनी जरा विचार केला. “अकरा पायऱ्या आहेत,” त्या म्हणाल्या. “उंच आहेत. कठडा एकाच बाजूला. धुतल्या की निसरड्या होतात. वर आत अंधार आहे आणि गार वाटतं. देवी हातभर आहे, दारातून दिसत नाही. अगदी जवळ जावं लागतं.”

“अकरा,” ती म्हणाली. “मग राहू दे बाई. माझा इथूनच नमस्कार.”

“मी जाते ना सुट्टीला,” जाऊबाई म्हणाल्या. “सांगते तिला.”